प्रमिलाबाई निकुंभ आणि कापलेलं गाणं

जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर प्रमिलाबाई निकुंभ माझ्या शेजारी बसायच्या. त्यांचा राग सगळ्या ऑफिसला माहीत होता. धुळ्याची लाइन लागत नाही म्हणून एखादा व्यापारी ओरडायला लागला, की त्या शांतपणे म्हणायच्या, "एवढा आवाज असेल तर लाइन कशाला हवी? खिडकी उघडून बोला, धुळ्याला ऐकू जाईल."

दिवसभर दुसऱ्यांचे आवाज ऐकायचे आणि घरी गेल्यावर टेपरेकॉर्डर लावायचा, अशी ही बाई. ब्याण्णव सालच्या सुरुवातीला इथल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत नव्या कॅसेटबद्दल काहीतरी छापून आलं. त्या कॅसेटमधली गाणी प्रत्येक पानटपरीवर आधीच वाजत होती. जेवणाच्या सुट्टीत प्रमिलाबाई तडक संपादक रुपचंदभाऊंकडे गेल्या.

"जे गाणं रस्त्याने चालताना कानात कोंबलं जातं, त्याच्यावर लिहायला कशाला माणूस ठेवलाय?"

रुपचंदभाऊ हसले. "मग तुम्ही लिहा, ताई. वर्षभर. कोणी ऐकलं नसेल असंच लिहा."

सदराला नाव पडलं 'न ऐकलेलं'. दर आठवड्याला एक कॅसेट. बसस्टँडवरची दुकानं, जत्रा, शिरपूरचा बाजार, जिथे जातील तिथे प्रमिलाबाई खालच्या खोक्यात हात घालायच्या. सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या होळीच्या ढोलाची कॅसेट त्यांना मिळाली. तिच्यात मधेच एक बकरी ओरडते. त्यांनी लिहिलं, 'बकरी तालात आहे. मागाहून घुसडलेला कॅसिओ नाही.' यावलकडच्या एका भजनी मंडळाबद्दल लिहिलं की बुवांनी माइक गिळला आहे, टाळकरी आले होते की नाही ते कळत नाही. ते बुवा भांडायला थेट एक्स्चेंजच्या दारात आले. प्रमिलाबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी हातभर लांब बसा." या आठवड्यात कोणाची काढली आहे, ते बघायला लोक पुरवणी उघडू लागले.

लग्नसराईत त्यांना पारोळ्याच्या स्टँडवर एक कॅसेट सापडली. खान्देशी लग्नाची गाणी. कव्हरवर केस मागे वळवलेल्या एका माणसाचा फोटो आणि खाली 'संगीत व गायन: चिंतनकुमार आणि साथी'. चिंतनकुमारांची गाणी ऐकून प्रमिलाबाईंनी कपाळाला हात लावला होता. पण दुसऱ्या बाजूला एक गाणं एका म्हाताऱ्या बाईच्या आवाजात होतं. लेक सासरी निघाली आहे आणि कोणीतरी तिला दारात थांबवून बोलतंय, असं काहीसं. आवाज कोरडा, जाडा, एकदम जवळून येणारा. गाणं कडवं संपायच्या आतच तुटत होतं आणि पुन्हा कॅसिओ सुरू व्हायचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोर्डावरच ते गाणं हलक्या आवाजात म्हणून दाखवलं. रविवारी लेख आला. 'या आवाजातलं रडणं ऐकून डोळे भरून येतात. ही बाई कोण, ते कव्हरवर नाही. ती साथी नाही, तीच कॅसेट आहे.'

महिन्याभराने तीच कॅसेट नव्या कव्हरात बाजारात आली. चिंतनकुमारांच्या फोटोखाली मोठ्या अक्षरात छापलं होतं: 'ऐकून डोळे भरून येतात - प्रमिला निकुंभ'.

प्रमिलाबाईंनी कव्हरच्या मागे छापलेला धुळ्याचा पत्ता चिठ्ठीवर उतरवून घेतला. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी एसटीने धुळ्याला गेलो.

चिंतनकुमारांचं खरं नाव चिंधा. रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, मागच्या खोलीत रेकॉर्डिंग. त्याने आम्हाला चहा मागवला.

"ताई, तुमच्यामुळे माल उचलला गेला बघा."

"त्या बाईचं नाव काय?"

"भडगावकडची कोणीतरी. गिरणाकाठच्या खेड्यावर गेलो होतो, चारपाच बाया बसवल्या निंबाखाली. शेतात गातात तशा गायल्या. साड्या दिल्या सगळ्यांना."

"नाव विचारलं होतं का?"

"नाव घेऊन काय करायचं? लोक नावं ऐकतात का? गाणं ऐकतात."

"मग तुझं कशाला छापलंस?"

चिंधाने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "मी पदरमोड केलीय, ताई." प्रमिलाबाईंनी चहा न पिता कप सरकवला आणि आम्ही निघालो.

पुढच्या सुट्टीला भडगाव. टेपरेकॉर्डर पिशवीत घालून आम्ही गिरणाकाठची दोन गावं फिरलो. दुसऱ्या गावात निंदणी करणाऱ्या बायकांना गाणं ऐकवलं, तर त्या लगेच म्हणाल्या, "हाई त्या सुगंधाबाईना आवाज शे." आणि एकीने घर दाखवलं.

सुगंधाबाई ओट्यावर मिरच्यांची देठं काढत होत्या. साठीच्या असतील, अंगाने काटक. या गाण्यावर पेपरात लिहिलंय असं सांगून प्रमिलाबाईंनी कॅसेट लावली. सुगंधाबाई स्वतःचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होत्या. आम्हाला वाटलं, आता हसतील. त्यांचा चेहरा मात्र कडक होत गेला.

"पुढलं कोठे गयं?"

"कापलंय, आक्का."

"हाई अर्धं शे. काय वं, आनि तू काय लिखं?"

प्रमिलाबाईंनी लेख वाचून दाखवला. रडण्याच्या वाक्यावर त्या बाईने हात वर करून थांबवलं.

"मी रडनी नही. मी भांडनी. तुले रडनं कोठे ऐकू उनं?"

मग कळलं. बेबाबाई ही त्यांची धाकटी बहीण. सासरच्यांनी तिला दोनदा माहेरी हाकललं आणि तिसऱ्यांदा नेलं, ते ती मेल्याची बातमीच आली. त्यानंतर गावातल्या एका लग्नात वऱ्हाडी जेवायला बसलेले असताना सुगंधाबाईंनी हे गाणं उभ्याने म्हटलं होतं. पहिल्या भागात मुलीला निरोप आहे. पुढे सासू, सासरा, दीर, एकेकाला नाव घेऊन विचारलं आहे, मन्या बहीननं काय करं, सांगा. ते सगळं चिंधाने उडवलं आणि निरोप तेवढा ठेवला. आता तोच निरोप बँडवाले नवरदेवाच्या दारात वाजवत होते.

 प्रमिलाबाईंनी कॅसेट उलटवली, तिच्यावर पुन्हा भरता यावं म्हणून वरच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला आणि चिंतनकुमारांची बाजू पुसून तिथे ते गाणं अथपासून इतिपर्यंत भरून घेतलं. सुगंधाबाई एकही कडवं अडखळल्या नाहीत. सासूच्या कडव्याला शेजारच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. टेप बंद झाल्यावर सुगंधाबाई पुन्हा मिरच्यांना लागल्या. चहा मात्र पाजला.

परतीच्या बसमध्ये प्रमिलाबाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "दिवसभर लोकांचं बोलणं जोडते मी. आणि शिवी ऐकून मला रडू येतं."

पुढच्या रविवारसाठी त्यांनी सगळं लिहिलं. चिंधाने काय कापलं, आणि आपण काय चुकीचं ऐकलं. रुपचंदभाऊंनी तो मजकूर टेबलावरून परत सरकवला. चिंधाची जाहिरात शेवटच्या पानावर असायची.

"ताई, गाण्याचं सदर आहे. यात घरगुती भानगडी कशाला?"

"गाण्यातच आहे ते. मी बाहेरून काही घातलं नाही."

"बाईचं नाव टाकू आपण. तेवढं ठेवू."

"सगळं टाका."

ते तयार झाले नाहीत. त्या रविवारी सदर आलं नाही. पुढच्या आठवड्यात प्रमिलाबाईंनी तोच मजकूर पुन्हा दिला. त्याच्या पुढच्याही. वर्ष संपेपर्यंत त्या जागी पाककृती येत राहिल्या. नव्या वर्षात रुपचंदभाऊंनी स्वतः एक्स्चेंजला फोन करून परत लिहायला बोलावलं. प्रमिलाबाईंनी विचारलं, "आधी तो मजकूर छापता?" पलीकडे शांतता. त्यांनी कॉर्ड उपटली. खासगी फोन होता, पण सवयीने तोंडातून ऑफिसचंच वाक्य आलं, "पार्टी बोलत नाही."

चिंधाला मात्र रुपचंदभाऊंकडून मजकूर आणि नाव दोन्ही कळलं होतं, बभ्रा होईल म्हणून त्याने पुढच्या खेपेला कव्हर बदललं. 'चिंतनकुमार, सुगंधाबाई आणि साथी'. गाणं तेवढंच, अर्धं. प्रमिलाबाई ती कॅसेट घेऊन भडगावला गेल्या. सुगंधाबाईंना वाचता येत नव्हतं. आपलं नाव कुठे आहे ते त्यांनी कव्हरवर बोट ठेवून विचारून घेतलं आणि कॅसेट परत दिली.

"नाव लावं, तोंड कापं," त्या म्हणाल्या.

त्या वर्षापासून लग्नात कोणी गायला बोलावलं, की सुगंधाबाई निरोपाचा भाग म्हणतच नसत. सरळ सासूपासून सुरुवात. बोलावणी कमी झाली. नवऱ्याकडचे तर नावच काढेनात. पण एखाद्या घरी मुलीची आई हटून बसे, की मला हीच बाई पाहिजे. पाचोऱ्याजवळच्या अशा एका लग्नाला प्रमिलाबाई मला घेऊन गेल्या. दिराच्या कडव्याला नवरदेवाचे काका पानावरून उठले. मुलीचे वडील हात जोडत त्यांच्या मागे धावले. सुगंधाबाईंनी त्या दोघांकडे पाहिलं आणि आवाज आणखी चढवला. प्रमिलाबाई खांबाला टेकून ऐकत होत्या, दात आवळून.