गोळीनंतरचे सावंतकाका

मी घेते त्या दादरच्या पार्किन्सन्स व्यायामवर्गात किस्से शोधावे लागत नाहीत. चहा उकळेपर्यंत तेच येऊन शेजारी बसतात. हसून झालं की घशात अडकतात, एवढंच.

शिवाजी पार्कच्या देसाईबाई, निवृत्त शिक्षिका. हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन एकाच मोरपंखी रंगाच्या साड्या आणत सुटल्या. कपाट बंद होईना! मी विचारलं, "बाई, पुन्हा तीच?"

"अगं, दुकानात शिरलं की थांबताच येत नाही. आणि घरी आले की रडू येतं."

एका काकूंनी मला जिन्यात गाठलं. "हे मला झोपू देत नाहीत गं." मी लगेच हातापायांच्या थरथरीवर लेक्चर सुरू केलं.

"तसं नव्हे," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

माझं डोकंच फिरलं. पुढच्या वर्गात ओरडलेच, "हे न आवरणं म्हणजे स्वभाव नाही, काही जणांना पार्किन्सन्सच्या गोळ्यांमुळे होतं! लाजताय काय? डॉक्टरांना सांगा!"

मग मागून आवाज आला, "सांगितलं आणि गोळी कमी केली तर? चालणार कोण, तू?"

तो आवाज लालबागच्या सावंतकाकांचा. माझगावच्या गोदीतले जुने फिटर. गोळीने पाय चालू लागले, तसे हातही सुटले. पंखा खोलला, इस्त्री खोलली, दाराची कडी काढली. जोडायचं मात्र नाव नाही! गणपतीत तर भर आरतीत मखराची फिरती लाईट खोलायला बसले. सावंतकाकू किंचाळल्या, "अवो, गणपतीक तरी सोडा!"

शेवटी माझ्याच हट्टाने मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. "हालचाल थोडी मंदावेल," असं सांगूनच डॉक्टरांनी हळूहळू गोळी कमी केली. मुलगा खूश. घरातल्या वस्तू शाबूत.

काका वर्गाला यायचे बंद झाले, म्हणून परवा मीच त्यांच्या घरी गेले. काका खुर्चीत बसले होते. चेहरा कोरा, हात मांडीवर. काकूंनी चांगला चालणारा मिक्सर त्यांच्यापुढे ठेवला, शेजारी स्क्रू-ड्रायव्हर.

"उघडा."

काकांनी मान वळवून मिक्सरकडे पाहिलं. "कित्याक? मिक्सर बिघडलो?"

"नाय."

"मगे ऱ्हवांदे," म्हणत काकांनी मिक्सर हळूच बाजूला सारला.

काकूंनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला, खालचा एक स्क्रू स्वतःच काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"आता बिघडलो."