अवसेची धास्ती

मुलगी सहा वर्षांची असताना तिला पहिली फिट आली, ती अमावास्येच्या आदल्या दिवशी. दुसरी महिन्याभराने, ऐन अमावास्येला. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ घ्यायचं औषध सुरू केलं. माझ्या सासूबाई बारवी धरणाकडच्या पाड्यातल्या. त्या म्हणाल्या, अवस पोरीला धरते. मी शिकलेली, ते हसण्यावारी नेलं. पण कॅलेंडरातल्या त्या काळ्या गोळ्याकडे बघितलं की मीही दिवस मोजू लागायचे.

वद्य पक्षात सकाळी अंबरनाथच्या आमच्या गच्चीवरून चंद्र दिसतो. एकदा वेणी घालताना लेक म्हणाली, "आई, चंद्र संपत आला ना? आता मला होणार?"

माझी भीती तिला लागली होती. त्याच दिवशी मी बसून चंद्रकला समजून घेतल्या आणि दुसऱ्या सकाळी तिच्या हातात पांढरा प्लास्टिकचा चेंडू दिला. कोवळ्या उन्हात तो चंद्राच्या दिशेने धरायला सांगितला. चेंडूवर चंद्राइतकाच उजेड, त्याच बाजूला. रोज चंद्र सूर्याकडे सरकत गेला आणि कोर बारीक होत गेली.

"म्हणजे अवसेला तो संपत नाही?" तिने विचारलं.

"नाही. सूर्याच्या बाजूलाच असतो. उजेड त्याच्या पलीकडच्या अंगावर पडतो, म्हणून आपल्याला दिसत नाही."

ती अमावास्या सुखरूप गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तिथेच चुकले. बदलापूरला लग्नाला गेलो तेव्हा औषधाची बाटली घरीच राहिली. दोन दिवसांनी काय होतंय, अमावास्या तर सरली, असं मनाशी म्हटलं. शुद्ध पंचमीला, भर सकाळी, हळदीच्या मांडवात ती कोसळली. डोळे फिरलेले, ओठ निळे. सासूबाईंनी तिला कुशीवर वळवून धरलं. मी नुसती बघत उभी होते.

डॉक्टरांना मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "आजाराला तिथी नसते. चुकलेला डोस असतो."

चंद्र कळला होता, तरी त्याच्याच भरवशावर मी औषध चुकवलं होतं. आता निर्धास्त असा एकही दिवस उरला नाही. शाळेतून फोन आला की अजूनही हातातलं काम टाकून धावते. पण दीड वर्षात एक डोस चुकलेला नाही, आणि फिटही आलेली नाही. संध्याकाळचं औषध सासूबाई देतात, स्वतः चष्मा लावून, मापाच्या रेघेपर्यंत.