दक्षिणेकडच्या दहा चुली

समोर दहा क्वार्टर होते. प्रत्येकात माझ्या हातची नवीकोरी चूल होती. आणि दहाही घरच्या बायका बाहेर तीन-तीन दगड मांडून भाकऱ्या थापत होत्या.

ओव्हरसियर साहेब छत्री टेकून उभे होते. "चंद्राबाई, हा काय प्रकार आहे? चुली पेटत नाहीत का?"

"पेटतात की. कालच पेटवून दावल्या."

"मग या बाहेर का?"

"नव्या जागंला बुजल्या असतील," मी म्हणाले. याहून मूर्ख उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही.

तीस सालानंतरची गोष्ट. इंदापूर तालुक्यात साखरेचा कारखाना उभा राहत होता. कामगारांसाठी क्वार्टरांच्या लाइनी बांधत होते. मी लासुर्ण्याची, चौथी शिकलेली. आसपासच्या गावांत चूल घालायची असली की मला बोलवायचे. हाताखाली माझी धाकटी जाऊ तान्ही.

साहेबांनी मला एक कागद दिला होता. वीस चुली, सगळ्या एकसारख्या, दारातून आत शिरलं की उजव्या भिंतीला, झरोक्याखाली. तोवर मला कुणी नकाशा दिला नव्हता. मी तो चोळीत जपून ठेवला आणि चार दिवस जमिनीपासून वीतभर वर चालले. काम पसंत पडलं तर पुढच्या लाइनीच्या तीस चुली माझ्याच होत्या. नाहीतर साहेब बारामतीहून गवंडी आणून विटांच्या बांधून घेणार होते. तान्हीनं त्या तीस चुलींच्या भरवशावर लोकांची खुरपणी सोडली होती.

तान्हीनं मला एकदा विचारलंही होतं. "आक्का, राहणाऱ्या बायांना इचारायचं का?"

"त्यात काय इचारायचं? नकाशा हाय न्हवं!"

तर आता मी त्या दगडांच्या चुलींकडे गेले. लाइनीत सगळ्यांत वडील हिराबाई होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर न करता म्हणाली, "चूल झ्याक हाय गं. पर तिच्याम्होरं बसल्यावर त्वांड कुठं व्हतं, बगितलंस का?"

मी आत जाऊन चुलीसमोर बसले. तोंड दक्षिणेला.

"यमाकडं बघून नातवाची भाकरी थापू व्हय? तुज्या घरी थापतीस का अशी?" ती बाहेरून ओरडली.

झालं होतं असं. दोन लाइनी समोरासमोर होत्या. एका लाइनीत उजवी भिंत उत्तरेची, तिथं दहा चुली सुखानं पेटल्या. समोरच्या लाइनीची दारं उलटी, म्हणून तीच उजवी भिंत दक्षिणेची. आमच्याकडे दक्षिणेला तोंड करून कुणी स्वयंपाक करत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या दहा चुली लिंपताना मी दक्षिणेलाच तोंड करून बसले होते, आणि एकदाही टोचलं नाही. कारण मी स्वयंपाक करत नव्हते, ठेका करत होते.

साहेबांना सांगितलं. ते वैतागले. "दिशेचं मला कुणी सांगितलं नाही."

"सांगत न्हाईत साहेब. समद्यांना ठाऊकच असतं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"जल्मापासनं."

त्यांनी छत्री उचलून काखेत मारली. मग म्हणाले, "आठ दिवसांनी मोठे साहेब पाहायला येतायत. बायका आत दिसल्या पाहिजेत."

चूल सावलीत पाच-सहा दिवस वाळावी लागते, नाहीतर तडकते. म्हणजे हातात दोन दिवस. आम्ही दहाही चुली फोडल्या. त्याच कोपऱ्यात, झरोका जवळ ठेवून, पूर्वेला वळवून घालायच्या ठरवल्या. आणि आता चुकायचं नाही म्हणून मी प्रत्येकीला विचारायला लागले, तुम्हाला काय काय पाहिजे.

एका बाईला दोन वैल हवे होते. वैल म्हणजे चुलीच्या बाजूचं दुसरं तोंड, त्यावर कालवण शिजत राहतं. दुसरीला वैलच नको होता. तिसरीला चुलीशेजारी देवासाठी कोनाडा हवा होता. चौथ्या घरात सासू म्हणाली चूल बुटकी कर, सून म्हणाली उंच कर. मी मधलं माप धरलं, तेव्हा दोघी पहिल्यांदाच एक झाल्या, माझ्याविरुद्ध. संध्याकाळपर्यंत दोन चुली झाल्या होत्या.

तान्ही चिखलाचे हात कमरेवर ठेवून म्हणाली, "आदी कुणालाच इचारलं न्हाईस, आन आता इचारायची थांबंना झालीस. मोठा सायेब पेन्शनीत जाईल तवर!"

मग मी तीनच प्रश्न ठेवले. तोंड पूर्वेला चालेल ना? वैल कुठल्या हाताला? जळण पाचटाचं का लाकडाचं? पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, भसकन पेटतं, त्याला चुलीचं तोंड मोठं लागतं. बाकी काही निघालं की म्हणायचे, "ते चुलीत येत न्हाय." कोनाडावाली आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

आठव्या दिवशी नऊ घरांतून धूर निघाला. हिराबाईची चूल तडकली होती, कारण तिला धीर निघाला नाही, तिनं तिसऱ्याच दिवशी पेटवली. मोठ्या साहेबांनी चुलींकडे पाहिलंही नाही. ते गटारं बघून गेले.

पुढच्या लाइनीचं काम मला मिळालं. साहेबांनी नवा नकाशा दिला, त्यावर उत्तरेचा बाण चांगला बोटभर लांब काढला होता.

मी विचारलं, "ऱ्हाणार कोण?"

"अजून ठरायचंय."

"मग चुली माणसं आल्यावर घालू."

त्यांनी कुरकुर केली, पण ऐकलं. माणसं आली. तिसांतल्या अकरा खोल्यांत सडे बाप्ये आले, खानावळीत जेवणारे. त्यांना चूलच नको होती. साहेबांनी तिसाचे एकोणीस केले.

आधी विचारावं, हे मी तिथं शिकले. विचारल्यावर काम कमीही होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तान्ही मात्र मग मरेपर्यंत तेच सांगत राहिली.