आधी सुई, मग घसरगुंडी

सुई टोचून घेताना माणूस जितकं खरं बोलतो, तितकं देवासमोरही बोलत नाही, असं माझं ठाम मत आहे. उभा जन्म हातात सिरिंज धरलेली बाई मी, त्यामुळे किस्से साठणारच. मुद्दाम साठवले नाहीत हो. वापरलेले कापसाचे बोळे कसे आपोआप टोपलीत जमतात, तसे जमले. घरी पाहुणे आले की सून म्हणते, "आई, ते वॉटर पार्कचं सांगा ना!" मग चहा गार होतो आणि दोष माझ्यावर येतो.

सुरतला प्लेग येऊन गेला, त्याच्या नंतरची ही गोष्ट. रिक्षात कुणी शिंकलं तरी बाकीचे उतरून जायचे, असे दिवस होते. अशात एका शेठला पलसाण्याच्या बाजूला, हायवेला लागून वॉटर पार्क काढायची बुद्धी झाली! आरोग्य खात्यानं कच्चा परवाना दिला आणि सोबत नियमांची यादी दिली. टायफॉइडची लस घेतल्याचा कागद दाखवायचा, नसेल तर गेटवरच टोचून घ्यायची. लहान पोरांचं लसीचं कार्ड बघायचं. गोवर, कांजिण्या, खरूज असेल त्याला परत पाठवायचं. आणि एक दिवस इन्स्पेक्टर न सांगता येणार. नियम पाळलेले दिसले तर परवाना पक्का, नाहीतर गेटला कुलूप.

त्या गेटवरची सिस्टर मी. आमचे हे उधन्याची मिल बंद पडल्यापासून घरी बसलेले, नवागामला एका खोलीत आम्ही चौघं. मॅनेजर नटुभाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "वंदनाबेन, परवानो पाको, तो तमे पाकां!" म्हणजे परवाना पक्का झाला तर माझी नोकरी पक्की. तोवर पार्कही कच्चं आणि मीही कच्ची.

टोचून लगेच पाण्यात उतरलं तर त्या लसीचा उपयोग काय, असं मी त्यांना विचारलं होतं. नटुभाई म्हणाले, "बेन, सवाल नहीं, सोय!" गुजरातीत सुईला सोय म्हणतात. आपल्याकडची सोय वेगळी, हे मला रांगेतल्या लोकांचे चेहरे बघून रोज कळायचं.

*

गेटवर वॉचमन होता रामसजीवन, गोरखपूरकडचा. भला माणूस, पण काठी आणि प्रश्न दोन्ही जोरात आपटायचा. त्याला मी शिकवलं होतं, घरात कुणाला कांजिण्या आहेत का ते प्रत्येकाला विचारायचं. त्यांच्याकडे कांजिण्यांना म्हणतात माता.

एकदा जळगावकडची एक बाई रिक्षातून उतरली. रामसजीवननं काठी आपटली, "घर में माता तो नहीं आयी?"

बाई म्हणाली, "आल्यात ना! नवऱ्याच्या माता. परवाच आल्या."

रामसजीवन चार पावलं मागे. "आपके पति को है? कब उतरेगी?"

"उतरतात कशाला! दिवाळीपर्यंत मुक्काम आहे."

"बदन पर है?"

"बदन पर कायको? डोक्यावर बसल्यात माझ्या!"

तेवढ्यात रिक्षातून नऊवारी सावरत सासूबाई उतरल्या आणि म्हणाल्या, "कोण गं डोक्यावर बसलं?"

रामसजीवननं काठी बाजूला ठेवली, हात जोडले आणि म्हणाला, "जय मैया की! आप पहले जाइए." सासूबाई सुई न घेताच निघाल्या होत्या, मी पळत जाऊन त्यांना परत आणलं.

*

पलसाण्याच्या डाइंग मिलमधली पोरं सुट्टीच्या दिवशी यायची. एकदा चौघं आले. हात कोपरापर्यंत निळे, पाय हिरवे, एकाचा तर कान जांभळा. नटुभाई ओरडले, "आ तो चामडीनो रोग! बहार काढो!"

मी त्यातल्या एकाचा हात धरला आणि स्पिरिटच्या बोळ्यानं खसाखसा पुसला. बोळा निळा झाला, हात मात्र तसाच.

मी विचारलं, "हे कधीपासून?"

"कालपासून, सिस्टर. काल निळ्या साड्यांचं काम होतं. तुम्ही मंगळवारी बघायचं होतं, मी लालभडक असतो."

रोग नाही म्हटल्यावर अडवणार कसं? साबणाची अंघोळ दोनदा करायला लावली आणि सोडलं. नटुभाई दिवसभर तलावाच्या काठावर बसून पाण्याचा रंग बघत होते. पण शेठनं तळाला निळ्याच टाइल्स बसवल्या होत्या. कुणाच्या बापाला काही कळलं नाही!

*

आता मंगलाचं ऐका. ही मंगला उधन्याची, नवरा लूमवर. पाच पोरं घेऊन आली आणि लसीचं कार्ड एकच!

मी म्हटलं, "बाई, प्रत्येकाचं वेगळं लागतं."

"यात सगळ्यांचं आहे," असं म्हणून तिनं कार्ड माझ्या पुढ्यात ठेवलं. बघते तर काय, दवाखान्यात बारसं व्हायच्या आधीच कार्ड बनवतात ना, तसं त्यावर नाव लिहिलेलं: 'बेबी ऑफ मंगला'.

"आता तुम्हीच सांगा सिस्टर, या पाचातली कोणती बेबी मंगलाची नाही?"

सगळ्यात मोठ्या बेबीला मिसरूड फुटली होती! मला हसू आवरेना, पण नियम तो नियम. पाचही जणांना शर्ट काढून रांगेत उभं केलं आणि डाव्या दंडावरची खूण शोधली. पाचही दंडांवर होती. चार कार्डं पावसाच्या पुरात गेली, पण आईनं एकाचीही लस चुकवली नव्हती. मला तिचं फार कौतुक वाटलं. कौतुकानंच तिलाही टायफॉइडची सुई टोचली.

*

इन्स्पेक्टर वेष पालटून येणार, अशी आवई कुणी उठवली देव जाणे. नटुभाईंची झोपच उडाली. चष्मेवाला दिसला की ते खुर्चीतून उठून उभे राहायचे.

एका दुपारी काळी बॅग घेतलेला, चष्मेवाला, इस्त्रीचा माणूस आला आणि म्हणाला, "मॅनेजर साहेबांना भेटायचंय. सुरक्षिततेबद्दल बोलायचंय."

झालं! नटुभाईंनी त्याला पंख्याखाली बसवलं. नाश्त्याला सुरतेचा गरम लोचो आला, वर शेव आली, थंडा आला. मला खूण केली की यांना टोचायचं नाही. माणूस तासभर बोलला, नटुभाई तासभर मान डोलावत राहिले. शेवटी त्यानं बॅगेतून कागद काढले आणि म्हणाला, "इथे सही."

नटुभाईंनी न वाचताच तीन ठिकाणी सही ठोकली.

तो विमा एजंट होता. नटुभाईंचा पंचवीस वर्षांचा विमा उतरवून गेला! "कच्चा परवाना, पण पक्का विमा," असं रामसजीवन म्हणाला, तर त्याच्याशी नटुभाई आठवडाभर बोलले नाहीत.

*

त्या रागात नटुभाईंनी नवा बोर्ड रंगवून घेतला. गुजरातीत लस म्हणजे रसी. गेटवर हातभर मोठ्या गुजराती अक्षरांत लिहून घेतलं: 'रसी वगर प्रवेश नहीं!' मला तो बोर्ड आवडला. म्हटलं, आता तरी लोक कागद घेऊन येतील.

पुढच्या रविवारी नवागामहून टेम्पो आला. आमच्याच गल्लीच्या पलीकडच्या चाळीतली चाळीसेक माणसं, बायका-पोरांसकट. पुढे दगडूबापू, शिरपूरकडचे, लूमखात्यात म्हातारे झालेले. आणि प्रत्येकाच्या खांद्यावर दोरखंडाचं वेटोळं! सुताची दोरी, नायलॉनची दोरी, एका बाईच्या हातात तर बादलीसकट रहाटाचा दोर.

मी म्हटलं, "बापू, हे काय?"

"बोर्डवर लिखेल शे ना, सिस्टर! टेम्पोवाल्यानं परवा वाचलं. रस्सीशिवाय आत सोडत नाहीत. बरोबरच शे. हिरमा पोरगं पोहायला उतरवतो तवा कंबरला दोर बांधतोच ना आपण?"

बाई गं! विहिरीत पोहायला शिकलेली माणसं ती. मीही लहानपणी तशीच शिकले होते, कंबरेला दोर आणि काठावर मामा. त्यांना हसू कोणत्या तोंडानं?

मी समजावणार, इतक्यात रांगेच्या शेवटून एक बारकेला माणूस पुढे आला. साधा बुशशर्ट, पायात चप्पल, हातात कापडी पिशवी. त्यानं रांगेकडे बघून मोठ्यानं विचारलं, "बधा पासे रसी छे?" म्हणजे सगळ्यांपाशी लस आहे का?

चाळीस हात वर गेले. चाळीस दोर हवेत! आणि सगळे एका सुरात, "शे! शे!"

गुजरातीतलं छे आणि आमचं अहिराणी शे, ऐकायला एकच. माणूस डोळे फाडून बघत राहिला. मग त्यानं पिशवीतून ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. आरोग्य निरीक्षक!

नटुभाई धावत माझ्या शेजारी काउंटरमागे आले. सगळ्या सीझनभर ज्याची वाट बघितली, तो नेमका आज उगवावा? समोर चाळीस माणसं, लसीचा कागद एकाकडेही नाही, आणि वर दोऱ्या!

साहेब आत जायला वळले. मी मनाशी म्हटलं, वंदना, नोकरी जायचीच असेल तर काम करताना तरी जाऊ दे.

"साहेब, थांबा. तुमचा लसीचा कागद?"

नटुभाईंनी काउंटरखालून माझ्या पायावर पाय दिला. साहेब म्हणाले, "हुं तपासवा आव्यो छुं."

"तपासायला आलात, पण पाण्यापाशी जाणार ना? मग कागद दाखवा, नाहीतर बाही वर करा. नियम तुमच्याच खात्याचा आहे."

साहेबांनी खिसे चाचपले. कागद नव्हता. दगडूबापूंना वाटलं, या बिचाऱ्याकडे दोर नाही म्हणून सिस्टर याला अडवतेय. ते पुढे झाले, खांद्यावरचं वेटोळं काढलं आणि साहेबांच्या हातात दिलं. "ल्या भाऊ, मना दोर ल्या. मी पोरासंगे काठावरच बसस. तुम्ही जा पोहायला."

साहेबांनी एकदा दोराकडे पाहिलं, एकदा बापूंकडे. "आभार," म्हणाले. मग एका हातानं दोर छातीशी धरून दुसऱ्या हाताची बाही वर केली. मी टोचलं. नंतर त्या चाळिसांना लस म्हणजे काय ते समजावून, एकेकाला बसवून टोचलं. मोठ्या माणसांचे कागद केले, पोरांचे दंड तपासले. साहेब स्टुलावर बसून शेवटच्या माणसापर्यंत बघत राहिले. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. दोर त्यांच्या काखेतच राहिला.

"वंदनाबेन, तमे डुबाड्यां!" बुडवलंत, असं नटुभाई रोज सकाळी म्हणायचे. घरी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बरोबर केलंस," आणि लगेच तोंड फिरवलं. ते तोंड फिरवणं मला फार लागलं. तिसऱ्या आठवड्यात, पूर्वी जिथे नोकरीला होते त्या प्रसूतिगृहात मी, काही काम आहे का, विचारूनही आले.

आणि मग एक दिवस आरोग्य खात्याचा शिपाई सायकलवरून आला. एक लिफाफा आणि कागदात गुंडाळलेलं एक बोचकं. नटुभाई देवाचं नाव घेत बसले, म्हणून लिफाफा मी फोडला. परवाना पक्का! नियमांचं पालन उत्तम, गेटवरच्या सिस्टरला कायम ठेवावं, असा शेरासुद्धा. मी मटकन खाली बसले आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडले. नटुभाईंनी कागद माझ्या हातातून घेतला, पुन्हा पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचला आणि सहीच्या खाली आले तसे अडखळले.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. सहीखाली टाइप केलेलं होतं:

'सोबत: दोर, नग एक. बापूंना परत द्यावा. साहेबांना पोहता येत नाही.'