विजेचा मासा आणि माझा पासपोर्ट

इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या शोभेच्या माशांच्या दुकानात परवा शेवाळी पाण्याचा वास आला आणि तीस वर्षांपूर्वीच्या माझ्या मालकाची, शेठची केबिन आठवली. तिथल्या टाकीत विजेचा मासा असे: जाडजूड, बिनखवल्यांचा, मिशाळ, एकटा. खालच्या खणात आम्हा कर्मचाऱ्यांचे पासपोर्ट. गावी वडील अत्यवस्थ होते आणि मी रजेचा तिसरा अर्ज घेऊन उभा होतो.

"सोबत दुसरा मासा टाकला की झटका देऊन मारतो हा," शेठ म्हणाले. "रजेचं पुढच्या आठवड्यात बघू, इन्शाल्ला."

"पासपोर्ट माझा आहे, शेठ."

"मग घ्या की, कायदेपंडित. खणाला कुलूप कुठंय?"

लेखी परवानगीविना खण उघडणे मला गैर वाटले. मी अर्जाची पोच मागितली. वडील चौथ्या दिवशी गेले. पुढे शेठविरुद्ध मी संतापून असंख्य तक्रारी लिहिल्या. खण माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता, हे त्यांपैकी एकीतही नमूद नाही.