संत्र्यांच्या ओळीतली वाट

मध्य प्रदेशातल्या सौसरच्या कोर्टात मी तीन वर्षं दिवाणी न्यायाधीश होते. तिथलं कामकाज हिंदीत चालतं आणि माणसं बोलतात वऱ्हाडी मराठी. साक्षीदार त्याच्या भाषेत सांगायचा, मी टायपिस्टला हिंदीत सांगत जायची. माझं माहेर मुलताईकडचं, घरी संत्र्याचा बगीचा, त्यामुळे यात मला अडचण आली नाही. तरी एका दाव्यात मी सुरुवातीलाच चुकले, ते इथे लिहिते.

दावा मोहगावकडच्या एका बाईचा होता. नवरा वारलेला, दोन एकर कापूस आणि धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून साठ-सत्तर संत्र्याची झाडं. तिच्या वावरात जायची वाट शेजाऱ्याच्या बगीच्यातून होती. शेजाऱ्याने त्या वाटेवर संत्र्याची कलमं लावली आणि दोन्ही तोंडांना काटेरी तार ओढली. त्याचं म्हणणं, इथे वाट कधी नव्हतीच. व्यापारी तिची संत्री घेईना, कारण झाडापर्यंत गाडी पोचत नव्हती. वावर शेवटी शेजाऱ्यालाच विकावं लागणार, हे दोघांनाही माहीत होतं.

दाव्याचा निकाल लागेपर्यंत वाट उघडी ठेवा, असा तिचा अर्ज होता. मी पटवाऱ्याचा नकाशा पाहिला. त्यात वाट नव्हती. अर्ज फेटाळला. आदेश पाऊण पानाचा होता आणि मला तो नेटका वाटला.

बाई जागची हलली नाही. "मॅडम, मी लगन होऊन आली तवापासून त्याच वाटेनं जाऊन राहिली. तुमी कागद पाह्यला. वावर नाई पाह्यलं."

तिच्या वकिलाने तिला गप्प केलं. मी पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

त्या वर्षी तिने संत्री क्रेटमध्ये भरून, डोक्यावर घेऊन, नाल्यातून बाहेर काढली. हे मला पुढच्या तारखांना कळत गेलं. साक्षी सुरू झाल्यावर मी दोन्ही वकिलांना सांगितलं, जागा पाहायला जाऊ. खरं तर हे आधीच करायला हवं होतं.

शेजारी साठीचा, पांढराशुभ्र सदरा, स्वभावाने मोकळा. झाडाखाली खुर्च्या टाकून, चहा ठेवून तयार होता.

"जागा पाहायला आले आहे," मी म्हटलं.

"पाहा नं. पन बगीच्यात आलेला मानूस तोंड कोरडं घेऊन जात नाई आमच्याकडे. दोन संत्री तरी घ्या."

"नको."

"पानी?"

मी पिशवीतली बाटली दाखवली. तो मनापासून दुखावला. वादी बाई तारेजवळ उभी होती, ती म्हणाली, "भाऊ, मलेही कधी इचारत जा पान्याचं." दोन्ही वकील हसले. मी हसले नाही, पण कठीण गेलं.

चालता चालता तो बगीचा दाखवू लागला. सगळी झाडं त्याच्या वडिलांनी एकाच वर्षी, दोरी धरून लावलेली. "वीस म्हंजे वीस फूट. कुठूनही मोजा."

मी टेप आणलाच होता. वकिलांनी मोजलं. वीस, वीस, वीस. फक्त तारेच्या समोर दोन जुन्या ओळींमध्ये तीस फूट अंतर भरलं, आणि मधोमध कमरेएवढ्या अकरा कलमांची रांग. बगीच्यात वाढलेल्या माणसाला यात विचारण्यासारखं काही उरत नाही. बैलबंडी जाईल एवढी जागा सोडूनच पुढची ओळ धरली होती. पण मला जे कळतं तो पुरावा नव्हे. मी मापं लिहिली, दोन्ही वकिलांच्या सह्या घेतल्या आणि परतले.

पुढच्या तारखेला शेजारी साक्षीच्या कठड्यात उभा राहिला. बाईच्या वकिलाने मापांचा कागद पुढे केला.

"बाकी सगळीकडे वीस फूट, इथेच तीस. म्हणजे तुमच्या वडिलांची दोरी इथे चुकली?"

"चुकली?" त्याचा आवाज चढला. "माह्या बापाची दोरी? अख्ख्या मोहगावात त्याले बोलवत दोरी धराले!"

"मग चुकली असेल एखाद्या वेळी. म्हातारा माणूस."

"तवा म्हातारा नवता तो! बंडीची वाट सोडली होती त्यानं तिथं, म्हनून तीस!"

त्याच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. खोटं बोलणं शेजाऱ्याला जमत होतं, पण बापाला चुकीचा ठरवणं जमलं नाही. मी ते वाक्य टायपिस्टला शब्दशः सांगितलं, वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर लिहिलं?"

"बरोबर हाय," तो म्हणाला. मग, "वाट देतो मी. कलमं तेवढी उपटा म्हनू नका. तीन वर्षं पानी घातलं."

"उपटाले कोन म्हनते?" बाई मागून बोलली. "मातीसगट काढा अन् माह्या धुऱ्याच्या बाजूनं तुमच्याच वावरात लावा. पानी मी घालीन. ते झाड का भांडाले आलं माह्यासंग?"

मी तिला मधे बोलू नका म्हणून सांगितलं, कारण ते सांगणं माझं काम होतं. मग दोघांना वकिलांसोबत बाहेर बसवलं. दुपारपर्यंत समझोता लिहून झाला. आठ दिवसांत तार काढायची, वाट दहा फूट, कायमची. हुकूमनाम्यात मी लिहिलं की माझा आधीचा आदेश फक्त नकाशावर विसंबून दिलेला होता. असं कोणी लिहीत नाही, असं माझ्या रीडरने, म्हणजे कोर्टातल्या कारकुनाने, सुचवून पाहिलं. मी ओळ राहू दिली.

तेव्हापासून तीस मीटरचा टेप माझ्या कपाटात असतो. बदल्या झाल्या, तोही सोबत आला. वाटेचं किंवा धुऱ्याचं प्रकरण आलं, की आधी जागा आणि मग आदेश.

मी सौसर सोडण्याआधी बाईचा वकील दुसऱ्या कामाने आला होता. जाता जाता म्हणाला, व्यापाऱ्याची गाडी यंदा झाडापर्यंत गेली. कलमांचं विचारलं, तर अकरातली आठ जगली होती.

फेब्रुवारीत, उन्हाळ्याच्या तोंडावर काढलेल्या कलमांसाठी आठ म्हणजे चांगलंच.