पत्रिकेवरची लाल शाई

लाल शाईवर माझा राग आहे. निळी शाई बिचारी गरीब, कुठल्याही पेनात भरा, निमूट वाहते. जांभळी जरा नखरेल, पण ऐकते. हिरवी उतावळी, कागदाला टेकायच्या आधीच सांडायला बघते. लाल मात्र पहिली दोन अक्षरं गोडीत काढून देते आणि तिसऱ्याच्या वेलांटीत मान टाकते. मग पेन झटका, जमिनीवर ठिपके पाडा, ते पुसा, परत लिहायला बसा. हे सगळं मी हौसेनं शिकले नाही. माझ्या भावानं माझ्या शाईला नावं ठेवली म्हणून शिकले.

भाऊ माझ्याहून धाकटा. पनवेलजवळ कोन गावात वडिलांच्या जागेवर त्यानं तीन मजली घर बांधलंय आणि बांधकामाला रेती-खडी पुरवायचा त्याचा धंदा आहे. त्याच्या मुलीचं लग्न जासईच्या मुलाशी ठरलं. पत्रिका छापून आल्या, तेव्हा त्याचा पनवेलला मला फोन आला.

"ताय, या टायमाला नावं स्टिकरवर छापून घेतो," तो म्हणाला. "तुझं पेन शाईचं. गुलगुलीत कागद हाय, त्याच्यावर शाई फुटते. चांगलं नाय दिसत."

मी म्हटलं, "आजपर्यंत कधी फुटली?"

"तसं नाय, ताय. आता कार्डं येगली येतात."

आमच्या भावकीत लग्नपत्रिकांवर नावं मी घालते. शाळेत होते तेव्हापासून. अक्षर बरं म्हणून मला पहिल्यांदा बसवलं आणि मग ते माझंच काम झालं. त्या दिवशी हॉलमध्ये सतरंजी टाकायची, पंखा बंद ठेवायचा, पोरांना बाहेर हाकलायचं. एकानं नावं वाचायची, मी लिहायची, आणि ओल्या पत्रिका सतरंजीच्या कडेनं वाळत मांडायच्या. पहिल्या पाच पत्रिका लाल शाईनं: गावदेवी, कुलदैवत, मुलीचा मामा, असा मान ठरलेला. बाकीच्या निळ्या नाहीतर जांभळ्या. काळी शाई त्या दिवशी घरात दिसता कामा नये, ती दुसऱ्या बातमीची. एकदा कोणीतरी काळं पेन आणलं, तर म्हाताऱ्यांनी त्याला असं झाडलं की तो जेवायलाही थांबला नाही.

नावं वाचायला माझा नवरा बसायचा. जावई असून सतरंजीवर मांडी घालून बसायचा आणि मध्येच मुद्दाम एखादं भलतंच नाव वाचून मला चिडवायचा. माझं पेनही त्यानंच पनवेलच्या बाजारातून आणलेलं: प्लास्टिकचं, ड्रॉपरनं भरायचं, अगदी साधं. तो मागच्या वर्षी गेला. पेन आहे.

तेव्हा मला काय हवं होतं ते सरळ सांगते. ज्या मुलीच्या बारशाला मी आत्या म्हणून तिच्या कानात तिचं नाव सांगितलं, तिच्या लग्नाच्या पत्रिका माझ्या हातानं जायला हव्या होत्या. दागिना नको होता, मानाची साडी नको होती. एवढंच हवं होतं. आणि आडवं काय आलं, तर म्हणे शाई फुटते! बरं, म्हटलं, न फुटणारी आणते.

भावाकडून नमुन्याच्या पत्रिका मागवून घेतल्या. कार्ड बघूनच डोकं फिरलं. सोनेरी, चकचकीत, हात लावला की बोटाचा ठसा उमटतो. असल्या कागदावर माणसानं लिहू नये म्हणूनच तो बनवत असावेत. माझी नेहमीची लाल शाई त्यावर थेंब थेंब होऊन गोळा झाली, तापलेल्या तव्यावर पाणी नाचतं तशी.

मी बाजारात गेले. ज्या दुकानातून वर्षानुवर्षं शाई घेतली, तिथे आता मोबाईलची कव्हरं टांगलेली. मालकानं माझ्यापुढे जेल पेनांचा डबा ठेवला.

"मॅडम, ये लो ना. शाई आता कोण वापरतं?"

"मी वापरते. मी तुमच्यासमोर उभी आहे."

त्यानं वरच्या फळीवरून एक बाटली काढली. तिच्या तळाशी लाल गाळ बसला होता. हलवली की ठीक होईल म्हणाला. गाळ हलवून पेनात भरायचा, म्हणजे निबाखालच्या बारीक वाटा कायमच्या बुजवायच्या! मी नको म्हटल्यावर हा गृहस्थ मला स्टँपपॅडची शाई देऊ लागला. "लालच आहे ना?" म्हणतो. त्याच्याशी भांडून मी दुकानाच्या पायऱ्या उतरले तेव्हा रिक्षावालेसुद्धा माझ्याकडे बघत होते.

पुढच्या दुकानात चमकी घातलेली लाल शाई मिळाली. बाटलीत काय सुंदर दिसत होती. पेनात भरली, गावदेवीचं नाव निम्मं लिहिलं, आणि चमकी खाली बसून पेन ठप्प. मग चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई आणली. ती कार्डावर अशी बसली की मी खूश. मी भाजी फोडणीला टाकून येईपर्यंत ती पेनातही तशीच बसली होती, घट्ट. निब आणि त्याला शाई पुरवणारी खालची काळी जीभ उपसून काढायला पक्कड लागली. संतापात मी दोन्ही उकळत्या पाण्यात टाकली, तर जीभ वाकडी झाली. नवऱ्यानं आणलेलं पेन! तिथेच ओट्याशी मी रडले आणि रडता रडता भावाला शिव्या दिल्या. नशिबानं तसलंच पेन अजून मिळतं, म्हणून त्याची जीभ काढून याला बसवली. टोपण आणि नळी जुनीच राहिली.

तोवर मला शाईची नाडी कळायला लागली होती. रंग जितका गडद, तितकी ती जाड असेलच असं नाही. बाटली तिरकी करून सरळ करावी: काचेवरून शाई पातळ पडद्यासारखी उतरली तर वाहील, गुठळ्यांनी उतरली तर अडेल. दोन शाया एकत्र करायला जाऊ नये. रंग खुलावा म्हणून मी लालमध्ये थोडी जांभळी घातली, तर सकाळी बाटलीत चिखल. शेवटी ऑनलाइन एक विटकरी लाल मागवली, शाईच्या पेनासाठीच केलेली आणि वाळल्यावर पाण्यानं न जाणारी. ती वाहायची, पण जरा कुरकुरत. भांडी घासायच्या लिक्विडमध्ये टूथपिकचं टोक बुडवलं, पुसलं, आणि तेवढंच त्या शाईत फिरवलं. लगेच मोकळी झाली. जास्त झालं तर मात्र फुटते, हेही करून पाहिलं. कार्डाचा तेलकटपणा घालवायला आधी कापसानं टाल्कम पावडर फिरवायची, झटकायची, मग लिहायचं. वाळायला चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. नंतर ओल्या अंगठ्यानं घासा, हलत नाही.

ज्या दिवशी हे जमलं, त्या दिवशी मी घरात एकटीच मोठ्यानं हसले. मग रिक्षा करून तडक कोनला गेले.

भाऊ सोफ्यावर होता, भावजय भाजी निवडत होती. भाची ऑफिसला गेलेली. मी टीपॉयवर कार्ड ठेवलं, पावडर फिरवली, गावदेवीचं नाव लिहिलं. निब एकदाही अडखळलं नाही. वाळल्यावर अंगठा ओला करून घासला आणि कार्ड भावापुढे धरलं.

"आता बोल. फुटली?"

त्यानं कार्डाकडे बघितलं नाही, मोबाईलकडे बघितलं. "ताय, टाइम पन कुठं हाय आता? माणसं बसवा, सतरंज्या टाका..."

"मी घरी नेऊन लिहिते. रोज थोड्या."

तो परत मोबाईल चाळू लागला. मग भावजयीनं भाजीची पाटी बाजूला सारली. तिचं मला एक आवडतं, ती तोंडावर बोलते.

"ताय, राग नका मानू. शाईचा काय नाय. पयल्या पाच पत्रिका सवाशिनीनं लिवाव्या, असं सगल्या बाया बोलतात. तुमचं... म्हंजे दाजी गेल्यावर... पोरीचं पयलं कार्य हाय. उद्या काय झालं तर लोक आमालाच बोलतील."

"कोण बाया?"

"सगल्याच."

"ज्यांच्या लग्नाच्या पत्रिका मी लिहिल्या, त्याच ना?"

तिनं पाटी परत पुढ्यात ओढली. मी भावाकडे वळले. सवाष्णीचा नियम आमच्याकडे कधी होता? मी पहिल्यांदा लिहिल्या तेव्हा दोन वेण्या घालत होते, माझंच लग्न व्हायचं होतं. तेव्हा कुणाला सवाष्ण आठवली नाही, कारण तेव्हा फुकटात चांगलं अक्षर हवं होतं. हा नियम माझ्या नवऱ्याच्या तेराव्यानंतर जन्माला आला.

हे मी बोलले, आणि आवाज चढवून बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. भावजयीच्या बोलण्यानं मला चटका बसला, पण खरं सांगते, तिच्यावर मी तेवढी रागावले नाही. ती भीती घेऊन बसली होती आणि ती तिनं बोलून दाखवली. राग आला तो याचा. याला सगळं माहीत होतं. मी पळस्प्यापासून जुन्या पनवेलपर्यंत शाईच्या बाटल्या शोधत हिंडतेय, पेन धुतेय, त्याला फोन करून सांगतेय की आज अमुक शाई जमली नाही, उद्या तमुक बघते. आणि हा पलीकडून "हां ताय, बघ" म्हणतोय. खरं बोलायची हिंमत नाही म्हणून सख्ख्या बहिणीला शाईच्या मागे पळवलं. मी बाटली, पेन पर्समध्ये टाकलं आणि उठले. भावजय चहाला थांबा म्हणाली. मी थांबले नाही.

पुढे काही दिवस मी त्याचा फोन घेतला नाही. शेजारीण म्हणाली, जाऊ द्या, लग्नघर आहे, मोठ्यांनी समजून घ्यावं. समजून घ्यायचं खातं आमच्या घरात एकट्या माझ्याच नावावर आहे की काय, असं मी तिला विचारलं. तीही मग यायची थांबली.

एका रविवारी भाऊ आणि भाची आमंत्रणाला आले. हातात मिठाईचा पुडा, अक्षता आणि पत्रिका. भाचीनं वाकून नमस्कार केला. मुलगी सुकलेली दिसत होती, घरात काहीतरी बोलणं झालं असावं. भावानं दोन्ही हातांनी पत्रिका पुढे केली.

"ताय, आदल्या दिवशीच ये. हलदीला."

पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं होतं आणि मधोमध पांढरा स्टिकर. त्यावर छापलेलं: गं. भा., आणि पुढे माझं नाव.

तिच्या बारशाला मी तिच्या कानात नाव सांगितलं, आणि तिच्या लग्नात माझं नाव सांगायला आधी माझा मेलेला नवरा लागतो! जन्मभर पोरांना शिकवलं, पगार आणला, या भावाच्या कॉलेजच्या वेळी त्याला माझ्या घरी ठेवून घेतलं. त्यातलं काही स्टिकरवर मावलं नाही. दोन अक्षरं मात्र बरोबर मावली.

"हे कुणी छापलं?" मी विचारलं.

"प्रेसवाल्यानं," भाऊ म्हणाला.

"बाबा," भाची म्हणाली, "यादी आपण दिली होती."

मी स्टिकरचा कोपरा नखानं उचलला आणि ओढला. त्याच्याबरोबर सोनेरी पापुद्रा निघाला आणि खालचा पांढरा कागद उघडा पडला. कपाटातून पेन आणलं. उभ्यानंच, डायनिंग टेबलावर, त्या पांढऱ्या जागेवर लाल शाईनं माझं नाव लिहिलं. आधी काही नाही, नंतर काही नाही, नुसतं नाव, बारशाला माझ्या आत्यानं माझ्या कानात सांगितलेलं. शाई सुरुवातीपासून शेवटच्या कान्यापर्यंत एका ओघात उतरली. मेली लाल शाई, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूनं उभी राहिली.

"आत्या, मी चहा टाकते," असं म्हणून भाची स्वयंपाकघरात गेली. चहा उकळेपर्यंत आम्ही भाऊबहीण त्या टेबलाशी उभे होतो. तो पत्रिकेकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

भाची कप घेऊन आली. मी अंगठा पाण्यात बुडवला आणि माझ्या नावावरून जोरात फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग पत्रिका उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"बघ. फुटली का?"

त्याचे डोळे भरले होते. मला दया आली नाही. मी पत्रिका तशीच धरून ठेवली, उत्तर येईपर्यंत.

"नाय, ताय," तो म्हणाला. "नाय फुटली."